मंदारचा हात

रविवार, १ फेब्रुवारी. नेरूळ. संध्याकाळ.

आज सोनल आली होती, माझ्या मित्राची, मंदारची धाकटी बहीण. मार्चमध्ये मला घेऊन कॅम्परव्हॅनने रामेश्वरमला जायचं म्हणते, काइटबोर्डिंग शिकायला, मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून धावायचं ते. गेल्या मार्चमध्ये मंदारचा जीव गेला, तो त्याच बेटावर. व्हॅन ठरवूनच आली होती.

नको म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून बसलो तिच्यासमोर, गॅसची शेगडी न्यायची की व्हॅनमध्ये असते यावर बोलत. भित्रा कुठला.

पाण्यात उतरणाऱ्याने अंगठा दाखवायचा, मगच किनाऱ्यावरच्याने त्याची काइट सोडायची. एवढा एकच नियम. त्या दिवशी काइट माझ्या हातात होती. वारा मध्येच जोर धरत होता, ऊन थेट डोळ्यांवर. मंदारने हात वर केला. मी सोडली. वाऱ्याने त्याला उचललं ते सरळ दगडांवर.

त्याने अंगठा दाखवला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आईलासुद्धा. पण खरंच अंगठा होता का? की उघडा पंजा, थांब म्हणणारा? वर्ष होत आलं, तो हात रोज दिसतो. बोटं काही दिसत नाहीत.

निघताना चपला घालता घालता सोनल म्हणाली, "माझी काइट तूच सोडायचीस हं. दादा पण दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही."

मी तिला अंगठा दाखवला.