रशिया-अमेरिकेचा समेट होईपर्यंत

सातपूर, नाशिक
२१ जुलै २०२५

ती. दादास,
धाकट्या यादवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कळवणला मका गुडघ्याला लागला हे वाचून बरं वाटलं.

परवा माझा किशोर वर्कशॉप बंद ठेवून मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. उजवा कान गेलाच आहे, डावाही दिवाळीच्या आत जाईल म्हणाले. मला भीती एकच वाटते, की त्याआधी तुझा आवाज ऐकायचा राहून जाईल.

एकाहत्तरच्या डिसेंबरात अमेरिकन गव्हाची पोळी मऊ लागते असं मी म्हणालो, आणि त्याच आठवड्यात त्यांचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. तू रशियाच्या बाजूचा. बाबांच्या देखत म्हसोबापुढे बेलभंडारा उचललास, की रशिया-अमेरिकेचा समेट होईपर्यंत यादवशी तोंडानं बोलणार नाही. लिहायला मनाई नव्हती म्हणून चोपन्न वर्षं निभावलं. किशोरच्या लग्नात तर शब्द निसटू नये म्हणून तू दोन दिवस तोंडात विडा धरून बसलास. रशियाचा तो संघ मोडला तेव्हा मी लिहिलं, की एक पक्षकारच मेला, आता शपथ सुटली. तू उलट टपाली कळवलंस, की मरण म्हणजे समेट नव्हे.

दादा, आता पुरे कर ना.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.
तुझा,
यादव

कळवण
२९ जुलै २०२५

चि. यादवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तो डॉक्टर काहीतरीच सांगतो, दुसऱ्याला दाखव. पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही.

तुला आजवर सांगितलं नाही ते लिहितो. त्या दिवशी रागाच्या भरात मी माझ्या नव्हे, तुझ्या जिवाची शपथ घातली होती. म्हणून मोडता येत नाही.

बाकी एक मान्य कर, की त्या दोघांच्या चढाओढीनंच जग आपल्या ओट्यावर आलं. मी रशियन ट्रॅक्टर घेतला म्हणून तू अमेरिकन बियाणं आणलंस. तू टीव्ही घेतलास म्हणून मी डिश लावली. एकमेकांवर नजर ठेवायला त्यांनी आभाळात जी यंत्रं सोडली, तसल्याच यंत्रांच्या जोरावर आज तुझी वहिनी मालिका बघते. आणि शेवटी झालं काय? माझा नातू हर्षल अमेरिकेत नोकरीला, तुझी नात योगिनी रशियात डॉक्टरकीला. पोरं नेमकी उलट्या घरी गेली.

यंत्र लाव कानाला. हट्ट करू नकोस.

काळजीत असलेला,
वाल्मीक

सातपूर, नाशिक
५ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र आणलं. खोक्यावरचं सगळं वाचून काढलं. कंपनी डेन्मार्कची, चिप तैवानची, बॅटरी जर्मनीची, जोडणी चीनची. कुणावर रागवावं तेच ठरेना. लावल्यावर कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

माझ्या जिवाचं म्हणशील तर तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, म्हसोबा त्याचं काय करणार? तरी तुला भीती वाटत असेल तर बोलू नकोस, फोनवर नुसतं खाकर. खाकरणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

उत्तराची वाट पाहणारा,
यादव

कळवण
१८ ऑगस्ट २०२५

चि. यादवास,
अनेक आशीर्वाद.

खाकरण्याचं मी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, की खाकरण्यात अर्थ आला की ते बोलणंच.

शुक्रवारी दोन्हीकडचे मोठे भेटले. मी टीव्हीपुढून हललो नाही. हात मिळवले, पण समेट काही झाला नाही. मग तुझी वहिनी कुसाबाई भडकली. म्हणाली, की लय झालं आता, ते काय तुमाला इचारून भांडत्यात का.

तेव्हा सुचलं, की शपथेत रशिया आणि अमेरिका एवढंच होतं, माणसं कोणती ते नव्हतं. रविवारी गुरवाला समोर बसवून हर्षल आणि योगिनीला फोनवर घेतलं. योगिनी म्हणाली, की आमचं भांडणच नाही. भांडण नाही तर समेट कशाचा? म्हणून आधी दोघांना भांडायला लावलं. लाजत लाजत सुरू झाले, पण लहानपणी कोणी कोणाचा पतंग फाडला यावरून असे पेटले, की योगिनीनं फोनच बंद केला. दोन तास काही खरं नव्हतं. शेवटी हर्षलनं माफी मागितली, तिनं ती घेतली आणि गुरवानं आम्हा सगळ्यांना भंडारा लावला.

पुढल्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतो. काय बोलायचं ते तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

तुझा,
दादा

सातपूर, नाशिक
३० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचल्याचं कळवणे.

एक कबूल करतो. परवा दिवसभर तू जे बोललास, त्यातलं फार थोडं मला ऐकू आलं. मी मान डोलावत राहिलो. तू विचारत होतास की राग गेला का, हे किशोरनं नंतर सांगितलं. मी तेव्हा चहा नको म्हणालो. राग कधी नव्हताच, दादा.

पण हाक ऐकू आली. घर सापडेना म्हणून तू रस्त्यावर उभा राहून माझ्या नावानं ओरडलास, कारखान्यातून पाळी सुटलेल्या माणसांनी मोटारसायकली थांबवल्या, हे सगळं मागाहून कळलं. यंत्र टेबलावर पडलं होतं. मी तुझा सत्ताविसाव्या वर्षीचा आवाज मनात धरून बसलो होतो, आणि हा तो नव्हता. पण ओळखीचा होता, लहानपणी मळ्यातून आपल्याला हाक यायची तसा. हातातला पेपर टाकून मी जिन्याकडे धावलो, आणि उतरता उतरता मोठ्यानं म्हणालो, की आलो, बाबा.

तुझा,
यादव