पाटीची हिरवी बाजू

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! सात वर्षं शुश्रूषा केंद्रात काढल्यावर आज माझ्या नावाचं दार आणि माझ्या मांडीवर माझी किल्ली. टॅमरॅक कोर्ट, चौथा मजला. दुलुथ शहरातली सगळ्यात कुरूप इमारत असेल, पण खिडकीतून अख्खं सरोवर दिसतं आणि ओटा एवढा खाली की माझी चाकांची खुर्ची थेट त्याच्या पोटात शिरते. आल्याआल्या मी स्वतःच्या हाताने अंडं उकडलं आणि उभ्या जन्मात अंडं खाल्लं नसल्यासारखं खाल्लं.

भाड्यातला थोडा वाटा माझा, बाकीचा राज्य सरकार भरणार. अट एकच, मी एकटीने राहू शकले पाहिजे. नाही जमलं तर परत केंद्रात. ते मरेपर्यंत होणार नाही, हे मी आजच ठरवून टाकलं आहे.

इमारतीची मॅनेजर टेरी सगळं दाखवून गेली. प्रत्येक दाराला बाहेरून एक पाटी लटकते, एक बाजू लाल, एक हिरवी. झोपताना लाल बाहेर करायची, सकाळी उठलं की हिरवी. हिरवी म्हणजे मी ठीक आहे. दहा वाजले तरी लाल दिसली तर टेरी स्वतःच्या किल्लीने दार उघडून बघणार. मी म्हटलं, हे नाही चालायचं. केंद्रात अंघोळ करतानासुद्धा कुणीही दार ढकलून आत यायचं, उशाखालची रोजनिशी वाचायचं. म्हणून तर वही-पेन मी गळ्यातल्या पिशवीत घेऊन फिरते. शेवटी टेरीकडून वचनच घेतलं, की मी आतून ओ दिली तर ती किल्ली फिरवणार नाही. ती हसून म्हणाली, बाई, तू तर वकिलीणच शोभतेस.

न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, मदतीसाठी ओढायची लाल दोरी आहे. त्याच्या दाराला आतून फक्त खालच्या अर्ध्या भागात नवा रंग आहे. ही कुठली पद्धत, असं विचारलं तर टेरी म्हणाली, आधीच्या भाडेकरूच्या खुर्चीमुळे ओरखडे पडले होते.

९ नोव्हेंबर

शेजारचा डॅरिल भेटायला आला. जन्मांध, आणि जिभेला हाड नाही. बटाट्याच्या गोळ्यांचा गरमगरम हॉटडिश, म्हणजे इथलं भट्टीत भाजलेलं कालवण, घेऊन आला आणि म्हणाला, मीठ कमी पडलं तर तक्रार करू नकोस, बरणीवरचं नाव मला वाचता येत नाही! रोज सकाळी भिंतीला हात लावत तो व्हरांडाभर फिरतो आणि सगळ्यांच्या पाट्या चाचपतो. त्याच्यासाठी प्रत्येक हिरव्या बाजूला कापडाचा तुकडा चिकटवलेला आहे.

त्याने मजल्याची गुपचूप चालणारी रीत सांगितली. कुणाला उठायला उशीर झाला तर शेजारी त्याची पाटी हिरवी करून टाकतो. कारण टेरीने दार उघडलं की अहवाल जातो, आणि दोन-चार अहवाल जमले की वरचे लोक म्हणायला मोकळे, ह्याला एकटं राहणं झेपत नाही. माझ्या घरात आधी राहणारा एल्रॉय नीगार्ड ह्यात सगळ्यात पुढे. माझ्यासारखीच चाकांची खुर्ची ढकलत भल्या सकाळी निघायचा आणि सगळ्यांच्या पाट्या फिरवायचा. तो होता तोवर ह्या मजल्यावरून एकही माणूस परत गेला नाही, असं डॅरिल फार अभिमानाने म्हणाला.

मी म्हटलं, मग माझीही फिरवत जा रे बाबा. काहीही झालं तरी मला परत पाठवू देऊ नका. कुणी ऐकत असेल त्या सगळ्यांना सांगते, असं मी गमतीने मोठ्याने ओरडलेसुद्धा.

२१ नोव्हेंबर

काल खुर्चीच्या मुठीत लाल दोरी अडकली आणि ओढली गेली. टेरी धापा टाकत वर आली. माझी चूक म्हटलं तरी अहवाल गेलाच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी फडुमो आल्यावर तिच्याकडून दोरी गुंडाळून वरच्या नळीला बांधून घेतली. फडुमो मला आंघोळ घालायला, कपडे चढवायला येते. सोमाली पोर, मला एद्दो म्हणते, म्हणजे त्यांच्यात आत्या. ती कुरकुरली, एद्दो, दोरी काय शोभेची आहे? पडलीस तर कशाला लोंबकळशील, माझ्या ओढणीला? मी तिला समोसे मागितले आणि विषय बदलला.

दुपारी पाहणीला सरकारी बाई आल्या. काय काय जमतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं. त्या खूश झाल्या आणि फडुमोचे दिवस कमी केले. आता फक्त सोमवार आणि गुरुवार. म्हणजे मी पास! भीतीही वाटते, पण कुणाला सांगायची नाही.

५ डिसेंबर

आज उशिरा जाग आली. घाईघाईने दार उघडलं तर पाटी आधीच हिरवी. डॅरिलला फोन करून आभार मानले. तो म्हणाला, अगं, मी शनिवारपासून हिबिंगला बहिणीकडे आहे, माझा हात काय एवढा लांब आहे?

दुसऱ्या कुणी तरी फिरवली असेल. पण व्हरांड्यातला हीटर बंद आहे, लोखंडी कठडा हाताला झोंबतो, आणि पाटी गरम होती. हाताने बराच वेळ धरून आत्ताच सोडल्यासारखी.

१३ डिसेंबर

डॅरिल परत आला. एल्रॉय कसा गेला, हे मी आज खोदून खोदून विचारलं. न्हाणीघरात पडला. पडल्यावर लगेच गेला नाही. बरेच दिवस आत होता. बाहेर पाटी रोज हिरवी, म्हणून कुणी दार उघडलं नाही.

डॅरिल रडला. म्हणाला, पहिले दोन दिवस मीच फिरवली गं, वाटलं म्हातारा झोपलाय, झोपू दे. तिसऱ्या दिवशी हात लावला तर आधीच हिरवी. मग रोजच हिरवी, आणि गरम. मला वाटलं, उठला असेल.

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

१८ डिसेंबर

मुद्दाम लाल ठेवली आणि दाराला खुर्ची टेकवून बसले. दारातल्या बघायच्या भोकाला डोळा लावलेला. व्हरांडा रिकामा. पाटी खडखडली. उघडून पाहिलं — हिरवी.

भोकातून कुणीच दिसलं नव्हतं. चाकांचा आवाज मात्र ऐकला. माझी खुर्ची जागची हलली नव्हती.

टेरीला सांगायला हवं. पण सांगू काय? ती चांगली बाई आहे, लिहील ते नियमाप्रमाणेच लिहील. भास होतात, असं लिहील. आणि मग केंद्रातले ते पांढरे दिवे, ते दार ढकलणारे हात. नाही. गप्प बसायचं. मी फार घाबरले आहे, आणि हे फक्त इथेच लिहिता येतं.

२७ डिसेंबर

फडुमो गुरुवारी आली नाही. आज मी फोन केला तर तीच वैतागली. एद्दो, तूच तर फोन करून सांगितलंस, येऊ नकोस, मी ठीक आहे. सणाची सुट्टी घे म्हणालीस. मी म्हटलं, मी नाही केला फोन. तिने हळूच विचारलं, एद्दो, तुला आठवत नाही का?

मी म्हटलं — आठवलं, आठवलं. मीच केला होता.

काय करू? दुसरं काही बोलले असते तर —

२ जानेवारी

न्हाणीघरात पडले. सकाळी. खुर्ची मागे सरकली, आपोआप, दाराबाहेर गेली. दार बंद झालं. फोन खुर्चीच्या खिशात.

दोरी वर. नळीला नीट गुंडाळलेली. फडुमो गाठी फार पक्क्या मारते.

टॉवेल फेकून हँडल खाली ओढलं. येतं खाली. दार हलत नाही. पलीकडून कुणी तरी धरलंय. हळुवार धरलंय.

फरशीवरून दिसतं. नव्या रंगाखाली ओरखडे. खुर्चीचे नव्हेत. नखांचे.

तीच सकाळ, नंतर

पाटी लाल आहे! काल रात्री मीच केली. दहा वाजले की टेरी येईल. येऊ दे अहवाल. जाईन परत केंद्रात, आनंदाने जाईन —

खडखडली.

३ जानेवारी

डॅरिल आला. दार वाजवलं. मी ओरडले, पडलेय, टेरीला बोलाव! माझ्या ओरडण्याआधी दिवाणखान्यातून माझाच आवाज त्याच्यापर्यंत पोचला — मी ठीक आहे. डॅरिल हसला. म्हणाला, राणीसाहेबांची झोप झाली वाटतं. काठीचा आवाज लांब गेला.

पाणी पिते, टबच्या नळाचं. थंडी. एल्रॉय, मी तुला ओळखते. तू वाईट नाहीस. सोड.

५ जानेवारी — सोमवार असावा

फडुमो आली! टेरीला घेऊन आली. फडुमो म्हणते, सुट्टी घे म्हणणारा फोनवरचा आवाज मला तेव्हाच पटला नव्हता, उघडा. किल्ली कुलपात गेली, ऐकलं. टेरी म्हणाली, मार्लिस, मी तुला वचन दिलंय, म्हणून आधी विचारते. ओ दिलीस तर उघडणार नाही.

ओरडले. घसा फाटेस्तोवर.

बाहेरच्या दाराला तोंड लावून तो बोलला. माझ्या आवाजात, लाडाने — मी ठीक आहे.

किल्ली बाहेर निघाली. फडुमो भांडत होती. टेरी म्हणाली, तिचा हक्क आहे गं.

त्याला वाटतं तो मला वाचवतोय. मीच सांगितलं होतं. काहीही झालं तरी —

नंतर

फडुमो पुन्हा येईल. पान फाडून दाराखालून सरकवते. आत डोकावली तर दिसेल तिला. लिहिते —

मी पडले आहे, दार उघ

मी ठीक आहे

हे मी नाही लिहिलं. पुन्हा. मी पडले — मी ठीक आहे. पेन माझ्याच हातात आहे. हात गरम आहे. माझा नाही हा गरमपणा — फडुमो, ऐकू नकोस, मी — मी ठीक आहे, मी

मी ठी