लाल पट्टा

३ मार्च, सकाळ
मेंढ्या व्यायचा सीझन आटोपला. सातपैकी सहा अडल्या. माझी पाठ कामातून गेली. आज ठरवलं, इमोशन बंद. जिला मदत लागली ती विकायची. सहाही जणींच्या पाठीवर लाल पट्टा ओढला. लाल म्हणजे बाजार. सातवी कडब्याच्या गंजीमागे कधी व्यायली कळलंच नाही. जुळी झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

४ मार्च
जनावरांचे डॉक्टर आले होते. म्हणाले, 'काकू'चं अंग बाहेर आलं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा येणार, ठेवू नका. डॉक्टर हुशार, पण स्वभाव निराशावादी. काकू सगळ्यांत जुनी. थोरल्यांना असं हाकलणं शोभत नाही. काकू राहणार.

७ मार्च
'मॅडम' स्वतःच्या कोकराला ढुशा मारते. ते आमच्या किचनमध्ये, बाटलीवर. अशी आई विकायलाच हवी. पण उद्या कोकरू मोठं होऊन आईची चौकशी करू लागलं तर? मॅडमही राहणार.

११ मार्च
'बुटकी'चं पहिलंच बाळंतपण. पहिल्यांदा कोण चुकत नाही? उरलेल्या तिघींना बेनिफिट ऑफ डाउट. बायको म्हणाली, चारा सगळ्यांना पुरणार नाही, आणि पुढच्या वर्षी अडलेली मेंढी धरायला मी येणार नाही. तिला ठणकावून सांगितलं, निर्णय झाला आहे. कोणता, ते सांगितलं नाही.

१२ मार्च
लाल रंग लोकरीवरून निघत नाही. साबण झाला, रॉकेल झालं. मॅडमने मला बादलीसकट पाडलं. पडल्या पडल्या आयडिया सुचली. रंग कशाला बदलायचा? नियम बदलू. आजपासून लाल म्हणजे ठेवायची. याला डोकं लागतं.

१४ मार्च, सकाळ
व्यापारी ट्रक घेऊन हजर. मी किचनमध्ये, मांडीवर कोकरू, हातात बाटली. खिडकीतूनच ओरडलो, लाल पट्टेवाल्या सोडा, बाकी न्या. त्याने विचारलं, पिल्लांसकट? म्हटलं, पिल्लांसकट. नक्की ना, असं दोनदा विचारलं. म्हटलं, आमच्याकडे सिस्टिम आहे. घासाघीस न करता मागितला तो भाव देऊन गेला. माझी छाप पडली असावी.

दुपार
बायको माहेरून आली. गोठ्यात जाऊन आली आणि म्हणाली, जुळीवाली कुठाय? मी नियम समजावला. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, लोक आवळा देऊन कोहळा काढतात. तुम्ही कोहळा देऊन आवळे सांभाळलेत. तेही सहा.
दमली असेल. प्रवासाचा शीण.

२ एप्रिल
चारा संपला. व्यापाऱ्याचा फोन आला. ती मेंढी त्याने विकली नाही, स्वतःच्या कळपात ठेवली. विचारत होता, तिची एखादी बहीण आहे का?
नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला आठवून पाहिलं. चेहरा काही डोळ्यांपुढे येईना. फार वाईट वाटलं. बायकोला विचारलं, ती दिसायला कशी होती? म्हणाली, डावा कान काळा. सकाळी सगळ्यांत आधी तीच गेटपाशी यायची. तुम्ही तिला बाजूला सारून काकूला चारा घालायचात.
उद्यापासून नवा नियम करायचा आहे. पण रंगाचा डबा सापडत नाही. बायको म्हणते, सापडणारही नाही.