न्हाणीच्या पाण्यावरची मेथी

माय, तुझी नात बाळंत झाली. तुझ्याच बाजेवर जन्मली होती ती, आणि जन्मल्या जन्मल्या असा गळा काढला होता की शेजारची म्हातारी म्हणाली, ही पोरगी वकील होणार बघा. वकील काही झाली नाही, बँकेत लागली. तिला मुलगा झालाय, परवाच दवाखान्यातून घरी आणलं, लातूरला माझ्याकडंच आहे. सकाळपासून मेथीचे लाडू करून राहिलेय. मेथ्या भाजून दळल्या, कडूपणा मरावा म्हणून पीठ तुपात भिजत घातलं, खोबरं, खारीक, डिंक, गूळ, काही म्हणून कमी नाही. लाडू वळता वळता तू इतकी आठवायला लागलीस की हात धुतले आणि लिहायला बसले.

मेथी नाही असा तुझ्या घरचा दिवस मला आठवत नाही. पोटात कळ आली की चिमूटभर मेथ्या पाण्याबरोबर गिळायच्या, डोक्यात कोंडा झाला की भिजवून, वाटून केसांना थापायच्या, आणि लोणच्यात तर त्या असायच्याच. थंडीत कोवळा पाला आला की त्याचा घोळाणा व्हायचा, कांदा, दाण्याचा कूट, तिखट आणि वरून कच्चं तेल. पाला जरा निबर झाला की ज्वारीच्या पिठात मळून धपाटे. भाजीवर कुणी झाकण ठेवलं की तू चुलीपाशी नसलीस तरी तुला कळायचं. ‘काढ ते झाकण, कडू व्हती भाजी,’ असा अंगणातून आवाज यायचा. आता मला साखर निघालीय. डॉक्टरांच्या गोळ्या घेते आणि वरून भिजवलेल्या मेथ्यांचं पाणीही पिते, तोंड वाकडं करून. तुझं तोंड कधी वाकडं झालेलं मी पाहिलं नाही, ते कसं काय जमायचं कोण जाणे.

ही लेक झाली त्या साली लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. तुझे जावई नव्या कचेरीत कारकून होते आणि ज्याला त्याला असे ऐटीत सांगायचे, जसा काही जिल्हा ह्यांनीच केला. मी बाळंतपणाला लोह्याच्या पुढं, आपल्या गावी आले, आणि तुझ्या अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा रांजण पालथा घातलेला होता. विहिरीचा तळ दिसत होता. टँकर चावडीपाशी थांबायचा आणि आपल्या वस्तीपर्यंत कळशी येईस्तोवर बायांच्या कंबरेचे काटे ढिले व्हायचे. घरात तूप नव्हतं, गूळ जेमतेम, आणि गाडग्यात थोड्या मेथ्या. वस्तीतल्या सगळ्या बाया म्हणाल्या, बाळंतिणीच्या लाडवाला राखून ठेव. तू दोन-चार लाडवांपुरत्या काढल्यास आणि बाकीच्या न्हाणीच्या मागं वाफा करून मातीत टाकल्यास. शेजारची म्हातारी तुझ्यावर चिडली. ‘लेकीच्या तोंडातला घास मातीत घातलास बाई,’ म्हणाली. तू म्हणालीस, ‘लाडू सरतेत, मावशी. पाला खुडला की पुन्ना येतोय.’

पण पाल्याला पाणी कुठून आणायचं? तर तू वस्तीभर फिरून बायांना सांगितलंस की तुमचं आंघोळीचं पाणी घेऊन आमच्या न्हाणीत या. कुणाला खरंच वाटेना. म्हातारी म्हणाली, ‘म्हंजी माझ्या अंगाचा मळ लेकीला चारती व्हय?’ तू म्हणालीस, ‘मळ मुळाला जातोय, पाला वर येतोय. फकस्त साबण आणू नका.’ आणि आल्या की गं सगळ्या. आपापला तांब्या, आपापलं घागरीच्या बुडाचं पाणी घेऊन, दगडानं अंग घासून, तुझ्या न्हाणीच्या धोंड्यावर आंघोळ करून जायच्या, आणि ते पाणी पाटानं वाफ्यात उतरायचं. सगळं गाव करपलेलं असताना आपल्या न्हाणीमागं ताटाएवढी हिरवळ होती. जाता जाता प्रत्येकजण वाकून बघायची, जसं पाळण्यातलं बाळ बघतात तसं.

मग पोरगी झाली आणि मला दूध येईना. लाडू कधीच संपले होते. पोरगी ओढायची, दमायची, रडायची, आणि मी भिंतीकडं तोंड करून तिच्याबरोबर रडायची. गावात गाई-म्हशींची हाडं वर आली होती, दूध कुठलं मिळायला. रोज सकाळी तू वाफा बघून यायचीस आणि म्हणायचीस, आजून कवळी हाय, दोन दिस थांब. त्या दोन दिसांतच तुझे जावई लेक बघायला आले. हातात नवीकोरी साबणाची डबी, वास अख्ख्या वस्तीला. आले तसे पंचा नेसून न्हाणीत शिरले.

म्हातारी दारातच होती. ‘सांग की त्यास्नी, साबण नको म्हून,’ असं ती तुला म्हणाली. मीही बाजेवरून हाक मारणार होते. तू तोंडावर बोट ठेवलंस. ‘पयल्यांदा लेक बघाया आलेत. जावयाला आंघोळीत आडवायचं व्हय?’ तेवढं बोलून तू न्हाणीमागं गेलीस, आणि खिडकीतून मला दिसलं की तू उकिडवी बसून हातानं चिखलाचा बांध घालून राहिलीस. फेसाचं पाणी वाफ्याच्या बाजूनं वळून गल्लीत गेलं. इकडं जावई मजेत गाणं म्हणत होते. वाफा कोरडा राहिला, आणि ऊन तर असं की संध्याकाळपर्यंत पाला उभा राहिला नसता.

तू घरात आलीस. माठातलं पाणी लेकीला आणि पाहुण्याला ठेवलेलं होतं. तुझ्या वाटणीचा एक तांब्या कोपऱ्यात झाकलेला होता, दिवसभराचा. तो उचलून तू मागं गेलीस आणि वाफ्यावर ओतलास, बोटांच्या फटीतून, एकेका ओळीला. आत येऊन रिकामा तांब्या पालथा घातलास. मी म्हणाले, ‘माय, तू काय पिशील?’ ‘मला तहानच न्हाई आज,’ म्हणालीस आणि भाकरी थापायला चुलीपुढं बसलीस. जावयांना वाढलंस, त्यांच्या नव्या जिल्ह्याच्या गप्पा हसून ऐकल्यास. संध्याकाळी म्हातारीनं तिच्या घरून पाणी आणलं तेव्हा तू आधी मला विचारलंस, तुला पाहिजे का.

त्यानंतर मेथी खुडायला आली. मुळापासून न उपटता तू वरचेवर खुडलीस, देठंसुद्धा टाकली नाहीस, लसूण घालून परतलीस आणि ज्वारीच्या पातळ कण्यांत घालून मला खाऊ घातलीस, सकाळ-संध्याकाळ, पहिला वाटा माझा आणि मग वस्तीतल्या एकेकीला मूठमूठ. आणि दूध आलं, माय. मेथीनं आलं, की पोट भरल्यानं आलं, की इतक्या बायांनी आपलं पाणी आणून ओतलं त्यानं, मला आजही सांगता येणार नाही. पोरगी पिऊन निवांत झोपली तेव्हा म्हातारीच पहिली रडली. मी तुझ्या जावयांना बांधाची गोष्ट सांगितली ती पुढच्या खेपेला. दुसऱ्या दिवशी दगड घेऊन न्हाणीत शिरले आणि अंग लाल होईपर्यंत घासत बसले. गाणं मात्र तेच.

आज माझ्याकडं नळाला पाणी आहे. तुझ्या नातीला म्हणावं तसं दूध अजून आलेलं नाही, डॉक्टर म्हणतात धीर धरा, येईल. लाडवाचा घास घेऊन तिनं, मेथी म्हटलं की तुझे जावई करतात तसंच वाकडं तोंड केलं. गॅलरीत कुंड्यांमधून मी मेथी पेरलीय, ती बोटभर झालीय. काल सकाळी माझ्या मनात काय आलं कोण जाणे, माझा प्यायचा तांब्या भरून घेतला आणि तोच कुंड्यांत ओतला, बोटांच्या फटीतून, तुझ्यासारखा. मग ठरवलं, संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचं नाही. तुला त्या दिवशी कसं झालं असेल ते एकदा तरी बघावं म्हणून. स्वयंपाक केला, बाळाचं केलं, लेकीशी बोलले, जीभ टाळूला चिकटायला लागली. सांगायला लाज वाटते माय, दुपारच्या जेवणाआधीच मी नळाखाली ओंजळ धरली.