राणोजींची फाईल

६ मार्च २००६
चेन्नईत दाखल! आईने दिलेल्या या डायरीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात माझं नाव आहे, म्हणजे हरवायची सोय नाही. नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात, संगणक विभागात. कंपनीच्या बसमध्ये सगळे तमिळ बोलतात आणि मी खिडकीशी बोलतो. पण स्टोअरमधल्या सरोजाबाई तंजावरच्या मराठी निघाल्या! त्यांच्या डब्यातला सांबार-भात खाल्ला, मराठी ऐकलं आणि जीव भांड्यात पडला.

९ मार्च
माझ्या खुर्चीवर पूर्वी राणोजी नावाचे गृहस्थ बसत. तेही तंजावरचे, अगदी एकटे. गेल्या वर्षी वारले. मागे उरली ती संगणकावरची एक फाईल, स्वतःबद्दल मराठीत लिहिलेली. जुन्या फॉन्टमुळे तिची अक्षरं आता वेडीवाकडी दिसतात. सरोजाबाईंना ती वाचायची आहे. म्हटलं, त्यात काय! पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितो: फाईल वाचायची, अक्षरं बदलायची, परत लिहायची. आपल्या हातचा मळ.

१० मार्च
घोळ झाला. वाचण्याआधीच मी ती फाईल लिहिण्यासाठी उघडली. तशी उघडली की आतलं सगळं पुसलं जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नक्कल ठेवली नव्हती. फाईल कोरी. फार वाईट वाटलं. कबूल करायला सरोजाबाईंकडे गेलो, तर म्हणाल्या, "अय्यो, कोण राणोजी?"
चेष्टा करत असतील.

१३ मार्च
चेष्टा नव्हती. राणोजींना इथे कुणीच ओळखत नाही. कोरी फाईल पुन्हा उघडली. आत एक ओळ आहे, स्वच्छ अक्षरांत: "माझें नांव पुसलेंत. आतां तुमचें द्या."
मी लिहिलेली नाही. संगणकाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

१४ मार्च
बस माझ्यासाठी थांबली नाही. गेटवर कार्ड चालेना. पाहुणा म्हणून आत सोडलं. सरोजाबाईंच्या डब्याशी जाऊन बसलो— त्यांनी इंग्रजीत विचारलं, आपण कोण?
फाईलमध्ये माझं नाव आहे. आडनावासकट.
डायरीचं पहिलं पान कोरं—

१५ मार्च
आईला फोन केला. राँग नंबर म्हणाली. मी ठेवू दिला नाही. मग म्हणाली, आमचा मुलगा आत्ताच बोलला, चेन्नईला असतो— मराठी किती गोड झालंय त्याचं, अगदी जुन्या माणसांसारखं—
आई, अगं, तो मी नाही—

जो कुणी हे वाचेल, त्याने एकदा तरी मला नावाने हाक मारावी. विसरायच्या आत लिहून ठेवतो. माझं नाव