तळ्याकाठचा सपाट दगड

५ जानेवारी १९६४, रविवार
ठरलं! वर्षभर एकच जागा. घरामागचं तळं — इथले लोक केरे म्हणतात — आणि काठावरचा हा सपाट दगड. दर रविवारी साडेसातला इथूनच फोटो. एकच! लोक उटी गाठतात, मला दोन मिनिटांवरचं पुरे. आमच्या सौ. हेमलताबाई म्हणाल्या, "पुणं सोडून बेंगळुरात आलात ते डबकं बघायला?"

१ मार्च, रविवार
आज पुन्हा सकवारबाई मधे! आमच्याकडे दूध घालतात. मराठीच, पण पिढ्यान्पिढ्या इथल्या. नेमक्या साडेसातला दोन म्हशी घेऊन पाण्यात. म्हटलं, "बाई, जरा बाजूला घ्या हो." तर म्हणतात, "स्वल्प थांबा अण्णा, म्हशीला काय कळतंय तुमचं फोटो?" थांबलो. चौकट मात्र स्वच्छ मिळाली.

२६ एप्रिल, रविवार
पाणी पार एका कोपऱ्यात गेलंय. म्हशी तिथेच. मी दगडावर जरा डावीकडे वळलो, कोपरा बाहेर. उरल्या नुसत्या भेगा. वा! आजवरचा सर्वांत चांगला फोटो.

१३ जून, शनिवार
आमच्या कारखान्याच्या प्रदर्शनात भेगांच्या फोटोला पहिलं बक्षीस!! पाहुणे होते नगररचनेचे कोणी साहेब. "जागा कुठली?" म्हणाले. एक प्रत मागितली. मागे ठिकाण, तारीख लिहून झोकात सही ठोकली. फुशारलो होतो अगदी.

३० ऑगस्ट, रविवार
तळं काठोकाठ. आणि काठावर पाटी — जागा वसाहतीसाठी घेतली. सकवारबाई म्हणाल्या, "वाचून सांगा अण्णा." सांगितलं. "मग म्हशी कुठं नेऊ?"

४ सप्टेंबर, शुक्रवार
अर्धी रजा टाकून त्या साहेबांच्या कचेरीत गेलो. फाईल उघडली तर वरच माझा फोटो! खाली शेरा — 'तळे कोरडे, वापरात नाही.' भरल्या तळ्याचे फोटो पुढे केले. साहेब सभ्यपणे म्हणाले, "पाऊस पडला की खड्डाही भरतो. हे पाणी वापरतं कोण? तुमच्या एकाही फोटोत माणूस नाही, जनावर नाही."
पस्तीस रविवार मीच त्यांना हाकलत होतो.

६ सप्टेंबर, रविवार
सकवारबाईंना म्हटलं, आज म्हशींसकट मधे उभ्या राहा. हसत सुटल्या. "आज काय झालं अण्णा तुम्हाला?" अख्खं रीळ संपवलं.

१४ सप्टेंबर, सोमवार
ते फोटो घेऊन गेलो. वसाहतीला अंतिम मंजुरी होऊन गेली होती. फाईलमधल्या फोटोचं सकवारबाईंना सांगायला हवं. जीभ रेटत नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार
हेमलतेने नव्या वसाहतींमधल्या प्लॉटचा अर्ज आणला. दहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्या, तिचंही बरोबरच आहे. प्लॉट कुठे, ते म्हणे सोडतीत ठरणार. सही करून मोकळा झालो.

६ डिसेंबर, रविवार
नगररचनेच्या माणसांनी तळ्याचा बांध फोडला. फोटो काढला नाही.

१० जानेवारी १९६५, रविवार
प्लॉट लागला! नकाशा घेऊन गेलो, पावलं टाकून पाहिली. सपाट दगड आमच्याच हद्दीत येतो. हेमलतेने पेढे वाटले. सकवारबाईंनाही दिला. "चांगलं झालं की अण्णा," म्हणाल्या. फोटोचं आजही बोललो नाही. आणि इथे तरी खोटं कशाला लिहू — मला आनंद झालाय.