शुक्रावरचा कौसल्या पर्वत

३ मार्च २०२५, सकाळी ७
सापडला! शुक्राच्या दक्षिण भागात चमकणारा ठिपका. कुठल्याच नकाशात नाही. पर्वतच.
ढगांमुळे दुर्बिणीला तिथलं काही दिसत नाही. पृथ्वीवरून रडार मारायचं, परत आलेल्या प्रतिध्वनींवरून नकाशा काढायचा. परदेशी अँटेनाचा डेटा नेटवर सगळ्यांना खुला आहे. पाहायला नजर लागते. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पस्तीस वर्षं उगाच नाही काढली.
शुक्रावर नावं बायकांची देतात. ठरलं. कौसल्या पर्वत. बायकोचंच नाव. तिला सांगितलं. म्हणाली, आधी माझ्या मोतीबिंदूची तारीख घ्या.

८ मार्च
आकांक्षाला फोन केला. माझ्याच लॅबमध्ये शिकली, आता रडारवर पीएचडी. म्हणाली, “सर, उत्तर आणि दक्षिणेचे प्रतिध्वनी एकत्रच येतात. उत्तरेचा डोंगर दक्षिणेला उमटतो. दुसऱ्या दिवसाचा डेटा लावून बघा ना. खरा डोंगर जागा सोडणार नाही.”
जळते. साहजिक आहे.
संकल्प: दुसरा डेटा उद्या नक्की.

११ मार्च
दुसरा डेटा फार मोठा. लॅपटॉप हँग. एक पुरेसा आहे.
दादरच्या खगोल मंडळात माझं भाषण ठरलं, २२ तारखेला. ऑपरेशनही नेमकं त्याच दिवशी. पुढे ढकलू म्हटलं. कौसल्या म्हणाली, “तिसऱ्यांदा? पर्वत कुठे पळून चाललाय?”

१५ मार्च
कौसल्या चाळीच्या जिन्यात पडली. पायरी दिसली नाही. मनगट सुजलंय. जिन्यातला बल्ब गेलेला, त्याला मी काय करणार?
रात्रभर कण्हत होती. स्लाइड्स पूर्ण झाल्या नाहीत.

२१ मार्च
आकांक्षाचा मेसेज: सर, उद्या बोलू नका, प्लीज. ब्लॉक केलं.
 

२२ मार्च
आकांक्षा हॉलमध्ये आली होती. मी थांबल्यावर उठली, दुसऱ्या दिवसाचा डेटा लावला. दक्षिणेला सपाट. ठिपका उत्तरेचा निघाला. मॅक्सवेल पर्वत. अख्ख्या ग्रहावर हाच एक पुरुषाच्या नावाचा.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
घराला कुलूप. शेजारची सीमा कौसल्याला परळच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली होती. धावत पोचलो. ऑपरेशन आटोपलं होतं. फॉर्मवर नातेवाईक म्हणून सीमाची सही.
कौसल्याने भाषणाचं विचारलं. छान झालं म्हणालो.
“बरं झालं,” म्हणाली. “दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळालीय. तुम्ही काम सोडून येऊ नका. सीमाला सांगितलंय.”
आवाज अगदी साधा. चिडली असती तर काही उत्तर देता आलं असतं.